कागदीपुऱ्याचा कागद

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आठवीच्या वर्गाला आम्ही इतिहासाचा एक छोटा उपक्रम दिला. प्रत्येकाने आपल्या घराचा इतिहास एका पानात लिहून आणायचा. घर कोणी बांधले, कधी बांधले, त्यात पुढे काय बदलले, हे घरातल्या मोठ्यांना विचारायचे आणि लिहायचे. बी.एड.ला असताना ‘परिसरातून इतिहास’ या विषयावर आम्ही पाठ घेतला होता आणि त्याला बरे गुणही मिळाले होते. त्यामुळे उपक्रम सोपा आहे असेच आम्हाला वाटत होते.

वह्या आल्या. बहुतेकींत दोन ओळी. “घर दादा ने बनाया था. अब बिल्डिंग बन गई है.” काहींनी नव्या इमारतीचे चित्र काढले होते, लिफ्टसकट. एका मुलीने मात्र उत्तराऐवजी प्रश्न लिहिला होता. “हमारी गली का नाम कागदीपुरा है, लेकिन यहाँ काग़ज़ कोई नहीं बनाता. ऐसा क्यों?”

त्या दिवशी आमच्याकडे या प्रश्नाचे धड उत्तर नव्हते. शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० ला झाली, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ला झाली, हे आम्ही मुलांकडून पाठ करून घेतो. पण शाळेपासून चालत जाता येईल अशा गल्लीचे नाव असे का पडले, हे आम्हीच नीट सांगू शकत नव्हतो. हा लेख त्या मुलीच्या प्रश्नातून निघाला आहे.

जुन्या पेठा, जुनी नावे

पुणे शहराच्या पेठा आज वारांच्या नावांनी ओळखल्या जातात. त्यांपैकी काहींना आधी वेगळी नावे होती. शनिवार पेठ म्हणजे मुर्तझाबाद, रविवार पेठ म्हणजे मलकापूर, बुधवार पेठ म्हणजे मोहियाबाद. पेशवाईत पेठा वाढल्या, नव्या बसल्या, आणि वारांची नावे रूढ झाली. या सगळ्यांत जुना तो कसबा. कुंभार, तांबट, कागदी, जो ज्या कामाचा त्याची आळी त्याच नावाची. तांबट आळीत तांब्याची भांडी ठोकण्याचा आवाज अजून ऐकू येतो. कागदीपुऱ्यातला आवाज थांबून मात्र पिढ्या लोटल्या.

कागदी हे मुसलमान कारागीर. जुन्नर, दौलताबाद, पुणे अशा ठिकाणी हातकागदाचा धंदा बहुतांशी त्यांच्याच हातात होता. जुनी गोणपाटे, दोरखंड, चिंध्या गोळा करायच्या, चुन्याच्या पाण्यात कुजवायच्या, पायाने चालणाऱ्या जड लाकडी हातोड्याखाली कुटायच्या, पुन्हा धुवायच्या. मग तो लगदा हौदात कालवायचा. कागदी हौदाच्या काठाशी बसे आणि गवताच्या काड्यांची चाळण पाण्यात बुडवून अलगद वर काढी. पाणी निथळले की चाळणीवर कागदाचा पातळ थर राही. हे ओले कागद घराच्या गुळगुळीत गिलाव्याच्या भिंतींवर चिकटवून वाळवत. वाळले की खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचे. लेखणी अडू नये इतका कागद घोटावा लागे.

म्हणजे कागद्याचे घर हाच त्याचा कारखाना होता. अंगणातला हौद हे त्याचे यंत्र, आणि भिंत हीसुद्धा यंत्रच. अशा घराला कोरीव महिरप नसेल, सागवानी सज्जा नसेल, पण त्याच्या भिंतीचा गिलावा आणि हौदाचा खड्डा हाच एका उद्योगाचा पुरावा होता. सनदा, हिशेब, पत्रे, पोथ्या, निकाहनामे, सारे काही हातकागदावर लिहिले जात होते. पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल आज पुण्याच्या पुराभिलेखागारात जपून ठेवलेले आहेत. गिरणीचा स्वस्त कागद आला आणि हा धंदा बसला. गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या चळवळीतून १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली, पण ती शिवाजीनगरला. कसब्यातल्या गल्लीकडे उरले ते फक्त नाव.

घरे कशी गेली

पुण्याची जुनी घरे एका दिवसात गेली नाहीत. १८२८ च्या आगीत शनिवारवाड्याच्या आतले महाल जळाले. १८७९ मध्ये बुधवारवाडा आगीत गेला आणि विश्रामबागवाड्याचा एक भाग जळाला. १८९७ चा प्लेग आला. रँडसाहेबाच्या प्लेग कमिटीचे गोरे सोल्जर घरोघर शिरून तपासणी करू लागले. हिंदूंची देवघरे असोत की मुसलमानांचे पडद्यातले जनाने, सरकार पहिल्यांदाच घराच्या पार आतपर्यंत आले. सरकारी माणूस घर पाहायला आला म्हणजे काहीतरी घेऊन जाणार, ही आपल्या मोहल्ल्यांतली धास्ती निदान तेवढी जुनी असावी असे आम्हाला वाटते.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले. मुठेकाठच्या पेठांमधले मातीविटांचे वाडे पाण्यात बसले. ज्यांची घरे उभी राहिली त्यांच्या भिंतींत ओल राहिली. त्याआधीच १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठलेली होती. महिन्याला दहा-वीस रुपये भाडे घेणारा मालक कौले शाकारणार कुठून? आणि घर आपले नाही म्हणून भाडेकरूही खर्च करीना. १९९९ मध्ये नवा भाडे नियंत्रण कायदा आला, तोवर बरेच वाडे टेकूंवर आले होते. आता दर पावसाळ्याच्या तोंडावर महापालिकेच्या धोकादायक वाड्यांच्या नोटिसा लागतात. आग, साथ, पूर, भाडे आणि शेवटी बिल्डर, असा हा क्रम आहे. कुणा एकाला दोष देऊन तो संपत नाही.

वारसा म्हणजे काय, हे ठरवते कोण?

घर जुने आहे म्हणून ते पाडण्यापूर्वी किंवा बदलण्यापूर्वी कुणीतरी तपासावे, ही कल्पना तशी अलीकडची आहे. अमेरिकेतल्या चार्ल्स्टन शहराने १९३१ मध्ये असा नियम केला की जुन्या वस्तीतल्या घराच्या रस्त्यावरून दिसणाऱ्या भागात बदल करायचा तर एका मंडळाची संमती घ्यावी. एखादा राजवाडा नव्हे, तर लोक राहतात ती संपूर्ण वस्ती जपायची, हे त्यातले नवेपण होते. आपल्याकडे मुंबईने १९९५ मध्ये वारसा नियमावली लागू केली. देशातली ती पहिली. पुढे पुण्यातही वारसा वास्तूंची यादी झाली. त्या यादीत सुमारे २५० वास्तू आहेत. २०२० पासून राज्याच्या बहुतेक शहरांना एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. पुणे तिच्यात येते आणि वारशाचे नियमही तिच्यातच आहेत.

या नियमांचे काम कसे चालते हे आपल्या वाचकांनी समजून घेतले पाहिजे, कारण आपल्यात याविषयी गैरसमज फार आहेत. वास्तूंच्या तीन श्रेणी असतात. पहिल्या श्रेणीत अत्यंत महत्त्वाच्या वास्तू येतात. त्यांना मजबुतीसाठी लागेल तेवढाच हात लावता येतो. दुसऱ्या श्रेणीत आतून काही बदल करता येतात, पण वास्तूचे वैशिष्ट्य राखावे लागते. तिसऱ्या श्रेणीत आतबाहेर बदल करायला, नवा वापर करायला बरीच मोकळीक असते. यादीतल्या घराचे पाडकाम, वाढकाम किंवा मोठे बदल करायचे असतील तर महापालिका आयुक्तांची परवानगी लागते, आणि आयुक्त वारसा संवर्धन समितीचा सल्ला घेतात. समितीवर वास्तुविशारद, बांधकाम अभियंता, इतिहासाचे जाणकार असतात. यादीत नाव आले म्हणून मालकी जात नाही. घर सरकारजमा होत नाही. उलट, बांधकामाचा जो हक्क नियमामुळे वापरता येत नाही, त्याबदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा विकास हक्क, म्हणजे लोक ज्याला टीडीआर म्हणतात तो, देण्याची तरतूद आहे.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. यादी करताना वास्तूचे सौंदर्य एवढीच कसोटी नाही. सामाजिक आणि आर्थिक इतिहासाशी असलेला संबंध हीसुद्धा एक कसोटी आहे. एकेका घराबरोबर वस्ती किंवा परिसर म्हणूनही नोंद होऊ शकते. यादी पक्की होण्यापूर्वी लोकांच्या हरकती आणि सूचना मागवल्या जातात.

म्हणजे कागदीपुऱ्यातले हौद आणि गुळगुळीत भिंती यांनाही नियमाच्या भाषेत जागा होती. पण ती जागा भरायला कुणीतरी अर्ज लिहायला हवा होता, घराचा नकाशा जोडायला हवा होता, आजोबांच्या तोंडची माहिती कागदावर उतरवायला हवी होती. हरकती मागवल्या जातात तेव्हा आपल्या मोहल्ल्यातून हरकतही जात नाही आणि सूचनाही जात नाही. वर्तमानपत्रातली ती बारीक अक्षरातली जाहिरात आपण वाचतच नाही.

शंभर मीटरचे दुखणे

पण वारशाचा नियम लोकांना नकोसा का वाटतो, हेही प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे.

शनिवारवाडा केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून अशा स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम करण्यास मनाई आहे आणि त्यापुढचे दोनशे मीटर नियंत्रित क्षेत्र आहे. १६ जून १९९२ पूर्वीचे घर असेल तर परवानगी घेऊन दुरुस्ती करता येते. कागदावर हे ठीक दिसते. पण शनिवारवाड्याभोवती माळरान नाही, दाट वस्ती आहे. तिथले वाडे मोडकळीला आले आहेत आणि ते पाडून नवे बांधता येत नाहीत. ज्या घरात चौथ्या पिढीला झोपायला जागा नाही, सुनेला संडासासाठी रात्री चौक ओलांडावा लागतो, त्या घरातल्या माणसाला आपण वारशाचे महत्त्व कोणत्या तोंडाने सांगणार?

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला एका कार्यालयात वर्षभर खेटे घालावे लागले. मागणी होती फक्त कुजलेली तुळई बदलण्याची. एक कागद दिला की दुसरा मागत. शेवटी त्यांनी एका रात्रीत लोखंडी गर्डर टाकला आणि गप्प बसले. घर वाचले, पण नियमाबद्दलचा आदर गेला.

चार्ल्स्टनचाही धडा असाच आहे. तिथली घरे वाचली, सुंदर दिसू लागली, त्यांच्या किमती चढल्या, आणि दुरुस्त झालेल्या काही वस्त्यांमधून तिथले गरीब काळे रहिवासी हळूहळू बाहेर पडले. भिंत वाचवताना माणूस बाहेर जाणार असेल तर तो वारसा कुणाचा? २०१७ मध्ये युनेस्कोने अहमदाबादच्या जुन्या शहराला जागतिक वारशाचा दर्जा दिला. तिथल्या पोळांमधल्या लाकडी घरांचे कौतुक होते ते योग्यच आहे. पण ती घरे टिकायची तर त्यांत राहणाऱ्यांना दुरुस्तीचा खर्च परवडला पाहिजे, हा प्रश्न तिथेही आहेच.

म्हणून आमचे म्हणणे असे, की राहत्या घराची तपासणी करणाऱ्याने आधी त्या घरातल्या बाईला विचारावे, मग खांबाची नक्षी मोजावी.

भिडेवाडा आणि उस्मानभाईंचे घर

जपणे म्हणजे नेमके काय, यावर पुण्यात अलीकडे जी सर्वांत मोठी घटना घडली ती भिडेवाड्याची. बुधवार पेठेत, दगडूशेठ गणपतीसमोर, तात्यासाहेब भिड्यांच्या वाड्यात १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा सुरू केली. पुढे वाडा मोडकळीला आला. खाली दुकाने होती. तिथे राष्ट्रीय स्मारक करायचे ठरले आणि खटला वर्षानुवर्षे चालला. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये उच्च न्यायालयाने आणि नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेच्या बाजूने कौल दिला. डिसेंबरच्या सुरुवातीला एका रात्रीत वाडा उतरवला गेला.

स्मारक व्हावे ही तर आपल्या सर्वांचीच इच्छा. पण जिथे मुली पहिल्यांदा अक्षर गिरवायला बसल्या ती जमीन राहिली आणि वाडा गेला, ही रुखरुख राहते. तो वाडा जपण्याची खरी वेळ खटल्याच्या निकालाची नव्हती. ती त्याच्या कितीतरी वर्षे आधी, पहिला टेकू लागला तेव्हाच निघून गेली होती.

आता दुसरे घर पाहा. १८४९ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंना घर सोडावे लागले तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला, हे आपण सारे अभिमानाने सांगतो. त्यांच्या घरातल्या फातिमा शेख सावित्रीबाईंच्या सहकारी झाल्या. गंज पेठेला आज महात्मा फुले पेठ म्हणतात. फुलेवाडा तिथे स्मारक म्हणून उभा आहे, स्वच्छ आहे, मुलांना दाखवता येतो. आम्ही वर्गाला घेऊन तिथे गेलो. मुलांनी विचारले, “सर, उस्मानभाई का घर कौन सा?” आम्ही दोन-चार जुन्या माणसांना विचारले. कुणाला दाखवता आले नाही.

आणि मग २०२५ च्या जानेवारीत वेगळीच चर्चा सुरू झाली. फातिमा शेख नावाची कुणी बाई झालीच नाही, ती रचलेली व्यक्तिरेखा आहे, असा दावा करण्यात आला. आपल्याकडे संताप झाला. पण संतापाने इतिहास सिद्ध होत नाही. उत्तर दिले ते एका कागदाने. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ ला माहेराहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. आपण आजारी असल्याने कामाचा भार फातिमावर पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचा तो उल्लेख. एका आजारी बाईने सहज लिहिलेल्या ओळीवर आज आपण उभे आहोत. ते पत्र जपले गेले नसते तर?

घर नाही, फोटोची खात्री नाही, शाळेच्या दप्तरात पाहावे तर तिथेही फार काही नाही. उरली ती एका पत्रातली ओळ. हा योगायोग आहे, तरतूद नव्हे. पुढच्या फातिमांसाठी आपण योगायोगावर किती अवलंबून राहणार?

आपले काम

या सगळ्यातून आमच्या हाती एक साधी गोष्ट लागली. वारसा समितीसमोर दगड जात नाही, कागद जातो. ज्या घराचा कागद आहे त्याचा विचार होतो. सरदारांच्या वाड्यांना बखरी आहेत, सनदा आहेत, वंशावळी आहेत. विश्रामबागवाड्याची कोरीव सागवानी दर्शनी बाजू पाहून अडाणी माणसालाही कळते की हे जपले पाहिजे. पण कागद्याचे, मोमीन विणकराचे, बागवानाचे घर स्वतः बोलत नाही. त्याच्या वतीने कुणीतरी लिहावे लागते. ते बाहेरचा माणूस येऊन लिहील, ही अपेक्षा चूक आहे. आणि त्याने लिहिले नाही म्हणून आपल्यावर अन्याय झाला, असे म्हणत बसणे त्याहून चूक. कागद बनवणाऱ्यांच्या गल्लीनेच स्वतःबद्दल एक पान लिहिले नाही, ही आपलीच उणीव आहे.

प्रत्येक जुने घर वाचावे असे आम्ही म्हणत नाही. वाचणार नाही, आणि काही घरे वाचवूही नयेत, कारण त्यांत माणसे दबून मरतील. कसब्यातल्या कुटुंबाला उजेड, नळ, संडास, सरळ जिना मिळायलाच हवा. पण घर पाडण्याआधी आठ दिवस त्याची नोंद करायला कुणी मनाई केलेली नाही. नोंद म्हणजे फार काही नाही. घराचा साधा नकाशा, चारी बाजूंचे फोटो, दारांचे, खांबांचे, हौदाचे, विहिरीचे फोटो, घरपट्टीची जुनी पावती, सिटी सर्व्हेचा उतारा, आणि घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाशी तासभराचे बोलणे. जुनी मोडी किंवा उर्दू कागदपत्रे असतील तर ती रद्दीत न टाकता त्यांच्या प्रती करून ठेवणे. आमच्या मुलांना उर्दू येते. आजोबांच्या निकाहनाम्यावरचे वळणदार अक्षर त्यांच्याशिवाय कोण वाचणार? उर्दू शाळेतल्या मुलाचा हा फायदा आम्हाही शिक्षकांच्या कधी लक्षात आला नव्हता.

आणि नोंद झाली की पुढची पायरीही गाठता येते. वारशाच्या यादीवर हरकती-सूचना मागवल्या जातील तेव्हा मोहल्ल्याच्या वतीने एक अर्ज जाऊ शकतो. आमच्या गल्लीत अमुक उद्योग होता, त्याचा हा पुरावा, किमान गल्लीच्या तोंडाशी पाटी लागावी. एवढेही झाले तरी थोडे नाही.

त्या वर्षी आम्ही उपक्रम पुन्हा दिला, या वेळी एका पानाऐवजी एक वही. कागदीपुऱ्याच्या त्या मुलीने तिच्या नानीला विचारून लिहिले. नानीलाही तिच्या सासूकडून ऐकलेलेच माहीत होते. मागच्या खोलीत एक बुजवलेला खड्डा आहे, त्यात पूर्वी पाणी असायचे, आणि त्या खोलीची एक भिंत इतर भिंतींपेक्षा गार आणि गुळगुळीत आहे, लहानपणी आम्ही गाल टेकवायचो, असे तिने सांगितले. मुलीने भिंतीची लांबी-रुंदी फूटपट्टीने मोजली आणि लिहिली. खड्ड्याचे चित्र काढले. खाली तारीख घातली.

ते घर यंदा पाडले जाणार आहे. नव्या इमारतीत त्यांना दोन खोल्या मिळतील, आणि त्या मिळायलाच हव्यात. ती भिंत कागद वाळवण्याचीच होती असे आम्ही शपथेवर सांगणार नाही. ते जाणकारांनी तपासावे. पण तपासण्यासाठी आता त्यांच्याजवळ काहीतरी असेल. वही शाळेच्या कपाटात ठेवली आहे. तिच्यावर आम्ही मुलीकडूनच नाव लिहून घेतले, उर्दूत आणि मराठीत : कागदीपुरा.